घर घेणाऱ्याचा बाजार

अर्थशास्त्रात 'ग्राहकांचा बाजार' असा एक शब्दप्रयोग आहे. विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडके झाले, म्हणजे भाव ठरविण्याची सत्ता घेणाऱ्याकडे जाते, एवढाच त्याचा अर्थ. भाजीबाजारात हे आपण रोज पाहतो. वांगी उद्या नासणार, म्हणून भाजीवाली दिवे लागताच भाव उतरविते. घर असे नासत नाही, म्हणून मालक भाव धरून बसतो. त्यामुळे घरांची मंदी प्रथम भावात दिसत नाही. ती 'घर विकणे आहे' ही पाटी किती पावसाळे पाहते, त्यावरून कळते.

चंद्रपूरच्या परकोटाबाहेर तुकूम, दाताळा, पडोली, कोसारा या बाजूंना फिरून यावे. भद्रावती, घुग्घुस, बल्लारपूर येथेही तेच. कोणी म्हणेल दलालांनी बाजार बिघडविला. मला हे कारण पटत नाही. कामगारांत वावरताना मला जे दिसले ते असे. कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण 1973 साली झाले आणि 1975 साली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी निघाली. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत जी पिढी कायम नोकरीवर लागली, ती अलीकडे निवृत्त झाली. त्यांतील कित्येक तेलंगणातून, छत्तीसगडातून, उत्तरेतून आलेले. काहींनी येथे घरे बांधली. आता मुले पुण्या-हैद्राबादेस आहेत आणि म्हाताऱ्यांना गावची ओढ आहे. म्हणजे विकणारे वाढले. त्यांच्या जागी जे कामावर आले त्यांत ठेकेदाराची माणसे फार. ठेक्याच्या माणसाचा पगार महिन्याचा असला तरी भरवसा महिन्याचाही नाही. त्याला बँक वीस वर्षांचे कर्ज कशी देणार? तो भाड्याने राहतो. म्हणजे घेणारे घटले. घराचा भाव दलालाच्या वहीत शोधू नका, कारखान्याच्या हजेरीपटात शोधा, असे मी म्हणतो ते यासाठी.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडातील डरहॅम परगण्याच्या 1951 सालच्या विकास-आराखड्याने शंभरांहून अधिक खाणखेडी 'ड' वर्गात घातली. कोळसा संपत येईल तसा तेथे नवा पैसा घालावयाचा नाही, असे ठरले. ज्या गावाला सरकारनेच भविष्य नाकारले, तेथील घराला गिऱ्हाईक कोठून मिळणार? लोक चिवटपणे झगडले, आणि पुढे सत्तरीच्या दशकात ते धोरण मागे घ्यावे लागले. खाणीच्या गावात घराचा भाव हा त्या गावाच्या उद्यावरील विश्वासाचा भाव असतो, हा धडा आपण त्यातून घ्यावा.

प्रथम विकणाऱ्याचा विचार करू. समजा, आपण तीस लाख मागता आणि गिऱ्हाईक अठ्ठावीस म्हणतो. आपण रागावून त्याला परत पाठविता व वर्षभर थांबता. तेच अठ्ठावीस लाख शेकडा सात व्याजाने ठेवले असते तर वर्षाला 1 लाख 96 हजार आले असते. त्यात रिकाम्या घराचा कर आणि गळके छत धरा. म्हणजे पुढच्या वर्षी तीस मिळाले तरी आपण काहीच जिंकलेले नाही. आणि ते मिळतीलच असे नाही. घर बांधताना काय खर्च आला, हा हिशेब आपल्याला प्रिय असतो. गिऱ्हाइकाला त्याचे काय? तो शेजारच्या चार पाट्या पाहून आलेला असतो. म्हणून मंद बाजारात विकणाऱ्याने भावाचा अभिमान सोडावा, कागदांचा मात्र धरावा. ज्याची आखीव पत्रिका, मंजूर नकाशा, करपावत्या आणि कर्जफेडीचा दाखला एका पिशवीत तयार आहे, त्याचे घर आधी जाते.

मंदीत एक सरकारी पेचही पडतो. मुद्रांक-शुल्क आपल्या सौद्यावर किंवा शासनाच्या बाजारमूल्य तक्त्यावर, यांत जी रक्कम मोठी असेल तिच्यावर बसते. सौदा तीस लाखांचा आणि तक्त्याने किंमत पस्तीस लाख, तर शुल्क पस्तीसवर. शेकडा सुमारे सहाने वरच्या पाच लाखांचे तीस हजार अधिक गेले. शिवाय हा फरक सौद्याच्या दहाव्या भागाहून मोठा असल्याने आयकर खाते विकणाऱ्याला पस्तीस मिळाले असे धरते, आणि घेणाऱ्याच्याही उत्पन्नात तो फरक मिळविते. यावर उपाय आहे. दस्त नोंदण्यापूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करावा आणि घराची खरी अवस्था दाखवून द्यावी. इसार देण्यापूर्वीच तक्ता पाहावा हे सर्वांत उत्तम.

आता घेणाऱ्याकडे वळू. बाजार आपल्या हाती आहे म्हणून तो खूश असतो, आणि फसगत होते ती येथेच. स्वस्त आणि निर्वेध यांत फरक आहे. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त खाणकामगाराची हकीगत सांगतो. क्वार्टर सोडण्याची नोटीस हाती, ग्रॅच्युइटी बँकेत, आणि शहराबाहेर एका ले-आऊटमध्ये निम्म्या भावात प्लॉट. त्याने शंभर रुपयांच्या कागदावर इसारपावती केली आणि जवळजवळ सर्व रक्कम देऊन टाकली. विकणाऱ्याने सात-बारा दाखविला होता, पण तो शेजारच्या जमिनीचा होता. हा प्लॉट सरकारी झुडपी जंगलात निघाला. खरेदीखत झालेच नाही, पैसे परत आले नाहीत. आज तो मुलाच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. त्या इसारपावतीवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मी कागद वाचला होता, जमिनीचा नकाशा मात्र पाहिला नव्हता.

झुडपी जंगल हा आपल्या पूर्व विदर्भाचा खास प्रश्न आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली दप्तरी अशी नोंद असलेली फार मोठी जमीन आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी ती वनजमीनच ठरविली. 12 डिसेंबर 1996 पर्यंत सक्षम अधिकाऱ्यांनी दिलेल्या जागांना नियमित होण्याची वाट ठेवली. त्यानंतरच्यांची कसून तपासणी आली. तेव्हा 'पुढे सर्व नियमित होईल' असे सांगणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून उठावे.

दुसरी गोष्ट आदिवासी जमिनीची. गडचिरोलीकडे सुरजागडच्या लोखंडामुळे आणि कोनसरीच्या कारखान्यामुळे जमिनीला विचारणा वाढली आहे. पण जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीस जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून घेता येत नाही. मुखत्यारपत्रावर ती घेणारा गरिबाला लुबाडतो आणि स्वतःही बुडतो. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही हे न्यायालयाने 2011 सालीच स्पष्ट केले आहे.

तिसरी गोष्ट पाणी आणि पोकळी. 2022 च्या पावसाळ्यात इरई आणि वर्धेच्या पुराने कित्येक वस्त्या पाण्यात गेल्या. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. पहिली पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतील पुराची. आपला प्लॉट कोठे बसतो ते नगररचना कार्यालयात पाहता येते. त्याच साली ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. शेजारच्या कुटुंबांना हलवावे लागले. खाणपट्ट्यात जमिनीच्या वर काय आहे याइतकेच खाली काय आहे, हेही विचारले पाहिजे.

म्हणून घेणाऱ्याने तीन कामे करावी. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा. मोठे ले-आऊट वा इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक तपासावा. नोंदलेल्या करारावाचून दहा टक्क्यांहून अधिक रक्कम त्यांना घेता येत नाही. आणि जागा एकदा भर पावसात जाऊन पाहावी. मंद बाजारात गिऱ्हाइकाला खरी सवलत मिळते ती वेळेची. विकणारा थांबतो, म्हणून तपासणीस महिना घ्या. रुपये दोन कमी करून घेण्यात ती वेळ घालवू नका.

संघटना म्हणून आमचीही चूक झाली. पगारासाठी आम्ही भांडलो, पण निवृत्तीच्या दिवशी हाती आलेली रक्कम कोठे जाते हे पाहिले नाही. हल्ली दर रविवारी सकाळी आमच्या कार्यालयात दोन-तीन जाणती माणसे बसतात. निवृत्तीस दोन वर्षे उरलेल्या कामगाराने घराचे कागद तेथे आणावेत, इसार देण्यापूर्वी. आपल्या ओळखीत असा कोणी असेल तर त्याला पाठवा. साक्षीदाराची सही मीही आता नकाशा पाहिल्यावाचून करीत नाही.