गेट साफ आहे का?

शॉट ‘ओके’ झाला की नट घाम पुसतात, दिवे बंद होतात, दिग्दर्शकाचं लक्ष पुढच्या शॉटकडे वळतं. फिल्मच्या काळात नेमक्या त्याच क्षणी एक माणूस कॅमेऱ्याजवळ जायचा. लेन्स काढून तो छोट्या बॅटरीच्या उजेडात आतली चौकट निरखायचा. जिच्यामागून फिल्म सरकते ती चौकट म्हणजे गेट. तिथे फिल्मचा एखादा केसासारखा तंतू तर अडकला नाही ना, एवढंच तो पाहायचा. तंतू सापडला तर सगळ्यांनी वाखाणलेला शॉटही पुन्हा घ्यावा लागे. ‘गेट साफ’ हे दोन शब्द ऐकल्याशिवाय कॅमेरा जागचा हलवायचा नाही, ही शिस्त होती.

खरा व्यावसायिक कॅमेरा कोणता, असं कुणी विचारलं की मला आधी हा माणूस आठवतो. कॅमेरा चांगलं चित्र काढतो का, हा हौशी माणसाचा प्रश्न झाला. प्रत्येक वेळी, तसंच, न चुकता काढतो का, हा धंद्यातल्या माणसाचा.

हे ‘तसंच’ किती कठीण आहे, ते साध्या हिशेबाने कळतं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरचं चित्र जेमतेम २२ मिलिमीटर रुंद असतं. अकरा मीटरच्या पडद्यावर ते पाचशे पट मोठं होतं. म्हणजे कॅमेऱ्यात फिल्म एक दशांश मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाली, तरी पडद्यावरची भिंत पाच सेंटिमीटर हलणार. आणि फिल्म काही संथपणे वाहत नसते. सेकंदाला २४ वेळा ती थांबते, उजेड घेते आणि झडप (शटर) बंद असताना पुढे खेचली जाते. खेचणारा दातेरी पंजा म्हणजे क्लॉ. उत्तम कॅमेऱ्यात याशिवाय एक पिन असते. फिल्म थांबली की ती छिद्रात नेमकी बसते आणि चित्र उमटेपर्यंत फिल्मला हलू देत नाही. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून चमत्काराची दृश्यं करायची तर या स्थिरतेची खरी परीक्षा होते. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेत किंचित फरक पडला, तरी देव एकीकडे थरथरतो आणि देऊळ दुसरीकडे.

आपल्याकडे हे सगळं समजून घेणारी माणसं लेथवर काम करणारी होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी चित्रपटाचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये चालता कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या हातांनी पंजा, चक्रं आणि झडप यांचा मेळ घातला. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात मंडईजवळच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं.

पण एक कॅमेरा बनवणं वेगळं आणि कॅमेऱ्याभोवतीची सगळी व्यवस्था उभारणं वेगळं. ती व्यवस्था मला प्रभातमध्ये दिसते. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात काढलेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. तोवर बोलपट सुरू झाले होते आणि कॅमेऱ्याकडून नव्या मागण्या होऊ लागल्या होत्या. हाताने दांडा फिरवून वेग सांभाळण्याचे दिवस सरले. आवाजाशी जुळायचं तर वेग ठरलेलाच हवा, म्हणून मोटर आली. कॅमेऱ्याची घरघर माईकमध्ये जाऊ नये म्हणून त्याला जाड आवरणात कोंडणं आलं.

‘सैरंध्री’चीच गोष्ट प्रभातने १९३३ मध्ये रंगीत करायची ठरवली. फिल्मवरचं काम जर्मनीत झालं आणि पडद्यावरच्या रंगांनी निराशा केली. मला या अपयशातून बरंच कळतं. दिवे, नट, कॅमेरा सगळं आपल्या हातात असलं, तरी साखळीतली शेवटची कडी दूर असते आणि चित्र तिथे हातचं जाऊ शकतं. प्रयोगशाळाही कॅमेऱ्याचाच भाग. या कामासाठी शांताराम जर्मनीला गेले होते, त्या फेरीतून त्यांच्या हाती बाकी बरंच लागलं. पुण्यात आल्यावर काढलेल्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) केशवराव धायबरांच्या कॅमेऱ्याने टेलिफोटो लेन्समधून राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा पडदाभर दाखवला. लेन्स बदलली की कॅमेरा बदलतो, हे तेव्हाच्या प्रेक्षकालाही कळलं असणार.

प्रभातच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथल्या अनेक पिढ्यांचे हात मिचेल आणि ॲरी कॅमेऱ्यांवर बसले. मिचेलमध्ये लेन्समधून पाहायचं तर कॅमेऱ्याचा मागचा भाग बाजूला सरकवावा लागे. चौकट ठरली, फोकस लागला, की तो परत जागेवर आणायचा आणि चित्रण चालू असताना बाजूच्या फाइंडरमधून पाहायचं. म्यूनिकच्या ॲरीने १९३७ मध्ये झडपेवरच आरसा बसवला. त्यामुळे शॉट चालू असतानाही लेन्सला दिसतं तेच कॅमेरामनला दिसू लागलं. लेन्स बसवण्याची जागाही तितकीच नेमकी लागते. आज सर्वत्र चालणाऱ्या पीएल माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ५२ मिलिमीटर. त्यात शतांश मिलिमीटरचा फरकही चालत नाही, नाहीतर टेपने मोजलेलं अंतर आणि लेन्सवरचा आकडा एकमेकांशी भांडतात. मग अंतर मोजून फोकस सांभाळणारा फोकस पुलर कितीही निष्णात असो, नायिकेचा डोळा धूसर होतो.

फिल्म महाग, आणि मिनिटाला ९० फूट जायची. हजार फुटांचं मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्यावरचा फिल्मचा डबा, अकरा मिनिटांत संपे. त्यामुळे काळ्या पिशवीत हात घालून, न बघता फिल्म भरायला शिकणं हा अभ्यासच होता. बोटांना छिद्रं कळायला हवीत.

आता फिल्म गेली, गेट पाहणंही गेलं. फिल्मच्या जागी आलेला सेन्सर जागचा हलत नाही, त्यामुळे पिनेचं काम संपलं. पण भाड्याने कॅमेरा आणला की त्याच्याबरोबर अटेंडंट येतो, ही आपल्या धंद्यातली रीत अजून आहे. बॅटऱ्या चार्ज आहेत का, लेन्सच्या मागच्या काचेवर बोटाचा ठसा नाही ना, हे तोच बघतो. शॉटनंतर कार्ड काढलं की त्याच्यावर चिकटपट्टी लावून नंबर लिहितो, आणि दोन ठिकाणी कॉपी झाल्याची खात्री झाल्याशिवाय ते पुसू देत नाही.

पुण्यातल्या कार्यालयांत लग्नाचे फोटो काढणारेही याच घराण्यातले. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट बाजूला होतो आणि नवरा-नवरी एकमेकांकडे पहिल्यांदा पाहतात. ती नजर परत मागता येत नाही. म्हणून जाणता फोटोग्राफर एकाच वेळी दोन कार्डांवर चित्र उतरवणारा कॅमेरा घेतो, खांद्याला दुसरा कॅमेरा लटकवतो आणि शेवटचं मंगलाष्टक चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्यांवर पुन्हा एकदा नजर टाकतो.