लाळेंतील सूक्ष्म साक्षीदार



माझे एक जुने सहकारी शिक्षक तंबाखू-सुपारीचे शौकीन. गालाच्या आंतील बाजूस उठलेला पांढरा चट्टा त्यांनीं वर्षभर लपविला. पुढें तो कर्करोग ठरला. शस्त्रक्रिया झाली, ते सावरलेही. पण दर तपासणीच्या आदल्या रात्रीं त्यांस झोंप येत नाहीं. "मास्तर, रोग परततो आहे हें आधींच कळण्याची कांहीं सोय नाहीं का?" असें त्यांनीं मला विचारलें. त्या प्रश्नापायीं मीं जें वाचलें, तें आज आपणांपुढें ठेवितों.

शाळेचेंच उदाहरण घेऊं. मूळ दप्तर मुख्याध्यापकांच्या कपाटांत असतें. त्यांतील हुकूम उतरवून घेतलेली नोटीस वर्गोवर्गीं फिरते आणि तिच्याबरहुकूम काम होतें. पेशींतही हाच प्रकार आहे. डीएनए हें दप्तर, संदेशवाहक आरएनए ही नोटीस, व तिच्यावरून घडणारीं प्रथिनें हें प्रत्यक्ष काम. परंतु सुमारें २२ अक्षरांचे मायक्रोआरएनए नांवाचे इवलेसे रेणू त्या नोटिशीस चिकटून तिची अंमलबजावणी थोपवितात, किंवा ती नष्टच करवितात. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांनीं १९९३ सालीं एक मिलिमीटरभर लांबीच्या कृमींत हें प्रथम दाखविलें. त्याबद्दल त्यांस २०२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हे पहारेकरीच बिघडले म्हणजे? पेशींची बेसुमार वाढ आवरून धरणारीं प्रथिनें आपल्या शरीरांत असतात. पीटेन व पीडीसीडी-४ हीं त्यांपैकीं दोन. मुखाच्या कर्करोगांत मायक्रोआरएनए-२१ हा रेणू फार वाढतो व नेमक्या त्यांच्याच नोटिसा अडवितो. लगाम सुटतो, पेशी माजतात आणि शेजारच्या भागांत शिरतात.

नवलाची गोष्ट ही कीं, हे रेणू पेशींतून बाहेर पडून रक्तांत व लाळेंत टिकून राहतात. तैवानमधील संशोधकांनीं २०१० व २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत मायक्रोआरएनए-३१ हा रेणू रुग्णांच्या रक्तांत व लाळेंत वाढलेला आढळला, आणि गांठ काढल्यावर त्याचें प्रमाण बरेंच उतरलें. उतरलेलें प्रमाण पुन्हां चढूं लागलें, तर डोळ्यांस कांहीं दिसण्यापूर्वींच रोगाची चाहूल लागेल, अशी आशा त्यामुळें वाटूं लागली.

पण ती अजून आशाच आहे. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आंकडे परस्परांशीं जुळत नाहींत. तोंडांतील साधा दाहही ते हलवूं शकतो. रोगाचा निर्णय आजही तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूनच होतो. म्हणून मित्रास मीं इतकेंच सांगितलें, "लाळेची परीक्षा येईल तेव्हां येईल, डॉक्टरांनीं दिलेली तारीख मात्र चुकवूं नका."

आपणांसही तेंच सांगणें आहे. तंबाखू व सुपारी हीं दोन्ही कर्करोगास कारण होतात. तोंडांतील चट्टा वा व्रण तीन आठवड्यांत बरा झाला नाहीं, अथवा तोंड पूर्ण उघडेनासें झालें, तर तें डॉक्टरांस दाखवावें. माझ्या मित्रानें एक वर्ष दवडलें. आपण तसें करूं नये.