प्रतिमासंस्करणातील स्मृतिमर्यादा
विशाल अंकीय प्रतिमांवर आज्ञावलीद्वारे संस्करण करताना संगणकाची कार्यकारी स्मृती अपुरी पडण्याची अवस्था. साठ्यातील संपीडित फाइल लहान असली, तरी ती उघडताच प्रत्येक प्रतिमाबिंदूचे मूल्य स्मृतीत मांडावे लागते. उदा., सांगोला (जि. सोलापूर) परिसरातील डाळिंबबागांच्या पाहणीसाठी सेंटिनेल-२ उपग्रहाची प्रतिमा घेतल्यास १० मी. विभेदनाच्या एका पट्ट्यात १०,९८० × १०,९८०, म्हणजे सु. १२ कोटी बिंदू असतात. प्रत्येकी २ बाइटप्रमाणे त्यास सु. २४ कोटी बाइट लागतात. दशांश गणितासाठी ८ बाइट योजल्यास गरज चौपट होते. वनस्पती-निर्देशांक काढताना तांबडा व निकट-अवरक्त हे दोन पट्टे आणि त्यांची वजाबाकी, बेरीज व भागाकार अशा पाच प्रती एकाच वेळी राहिल्यास सु. ४८२ कोटी बाइट व्यापले जातात.

आज्ञावली पहिल्याच वाचनात थांबल्यास प्रतिमेचा आकार, तर अनेक प्रतिमांनंतर थांबल्यास न सोडलेल्या प्रती हे कारण संभवते. विभेदन घटविल्यास स्मृती वाचते. परंतु लहान बागा नाहीशा होतात. म्हणून प्रथम आवश्यक क्षेत्र कापून घेणे, ४ बाइटांची मूल्ये योजणे आणि प्रतिमा खंडशः वाचून प्रत्येक खंडाचे फलित लगेच लिहिणे श्रेयस्कर होय. शेजारच्या बिंदूंवर अवलंबून असणाऱ्या क्रियांत खंडांच्या कडा परस्परव्यापी ठेवाव्या लागतात. अन्यथा सांध्यांवर खोट्या रेषा उमटतात.