बियाण्याची पिशवी आणि बांधावरचे ॲप

पावसाने उघडीप दिली की रिसोड, मालेगाव, मंगरुळपीरच्या शिवारांत शेतकरी बांधावर उभे राहून मोबाईलने सोयाबीनचा फोटो काढतात. खाते क्रमांक, गट क्रमांक, पेरलेले क्षेत्र भरतात आणि नोंद पाठवतात. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेली ही ई-पीक पाहणी. तलाठ्याच्या हातून सातबाऱ्यावर चढणारे पीक आता शेतकरी स्वतः चढवतो. पीककर्ज असो, नुकसानभरपाई असो की हमीभावाची खरेदी, ही नोंद विचारली जातेच.

अशा कोणत्याही सेवेचा एक भाग आपल्या हातातल्या फोनवर असतो, त्याला क्लायंट म्हणतात. दुसरा दूरच्या सर्व्हरवर. दोघांनी एकमेकांशी काय आणि कोणत्या क्रमाने बोलायचे, हे ठरवून देतो तो एपीआय.

सर्व्हरवरचा भाग पाठवणे पूर्वी मोठे जिकिरीचे होते. बनवणाऱ्याच्या संगणकावर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर गेला की बंद पडे, कारण तिथे एखाद्या सहायक प्रोग्रॅमची आवृत्ती वेगळी असे. 2013 मध्ये आलेल्या डॉकर या सॉफ्टवेअरने कंटेनरची पद्धत रुळवली. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे साहित्य एकाच गाठोड्यात बांधायचे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो, त्यावर वाण आणि लॉट नंबर असतो. या गाठोड्यालाही टॅग लावतात. बिघाड झाला तर कोणता लॉट परत घ्यायचा ते कळते. पासवर्ड मात्र गाठोड्यात कधीच बांधू नयेत, ते सर्व्हरवर वेगळे ठेवावेत.

पेरणीआधी आपण ओल्या गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे ठेवून उगवण तपासतो. सत्तर उगवले तरच ते बियाणे पेरायचे. नवी आवृत्तीही अशीच आधी थोड्या वापरकर्त्यांपुढे ठेवून पाहतात. ती नीट उत्तरे देऊ लागली की जुन्या प्रती एकेक करून बंद करतात. सेवा एक क्षणही थांबत नाही.

खरी अवघड बाजू फोनची. सर्व्हर एका रात्रीत बदलता येतो; गावोगावच्या फोनांतले ॲप नाही. कुणाच्या फोनमध्ये जागा नसते, कुणाचा डेटा संपलेला असतो. समजा, नव्या एपीआयने एक रकाना सक्तीचा केला. मग जुन्या ॲपवरून आलेली नोंद परत फिरते, आणि त्या शेतकऱ्याची काही चूक नसते. म्हणून जुन्या आवृत्तीची भाषा नव्या सर्व्हरला काही काळ समजलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. रेंजचेही तसेच. शिवारात घेतलेली नोंद फोनमध्ये साठून गावात आल्यावर जाते, कधी दोनदा पाठवली जाते. प्रत्येक नोंदीला फोनमध्येच स्वतंत्र क्रमांक मिळाला, तर सर्व्हर दुसरी प्रत ओळखून बाजूला ठेवतो.

हे काम करणाऱ्यांना एक विनंती: पाहणीची मुदत संपत आली असताना, शेवटच्या आठवड्यात नवी आवृत्ती आणू नका. सर्वाधिक गर्दी तेव्हाच असते. आणि शेतकरी बंधूभगिनींनो, वावरात निघण्यापूर्वी घरीच ॲप अद्ययावत करा, नोंद गेल्यावर गावाच्या यादीत आपल्या गटापुढे आपले पीक दिसते का, ते न विसरता पाहा.