बर्फातलं नव्हे, बेटावरचं झाड

नर्सरीत दीड-दोन फुटांचं एक रोप हमखास असतं. मधोमध सरळसोट खोड, त्यावर ठरावीक अंतराने चार, पाच, सहा फांद्यांचा एकेक थर आणि प्रत्येक फांदी पिसासारखी आडवी पसरलेली. सगळे त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. नाव कानावर पडलं की डोळ्यांसमोर युरोपातला नाताळ येतो, बर्फ येतो, थंडी येते, आणि मग घरातला सगळ्यात गार कोपरा या रोपाला मिळतो. कुणी ते एसीच्या झोताखाली ठेवतं, कुणी उन्हाची तिरीपही न येणाऱ्या हॉलमध्ये. घरात शोभेला ठेवायचं म्हणजे ते लहानच राहत असणार, असं गृहीत धरून कुणी ते कंपाउंडच्या भिंतीला चिकटून लावतं. या झाडाबद्दलचे बहुतेक गैरसमज त्याच्या नावातून आले आहेत, असं माझं मत आहे. त्याचं मूळ गाव कळलं की त्यातले बरेचसे आपोआप गळून पडतात.

युरोपात नाताळला सजवतात ती झाडं स्प्रूस किंवा फर जातीची. आपल्याकडे कुंडीत येतं ते अराउकारिया, आणि त्याचं कूळच निराळं. त्याला लोक ‘पाइन’ म्हणतात, पण ते पाइनही नव्हे. हिमालयातल्या चीड पाइनची फांदी हातात घेतली तर लांब सुया तीन-तीनच्या जुडग्यात दिसतात. अराउकारियाच्या कोवळ्या फांदीवर जुडगी नसतात. जेमतेम सेंटिमीटरभराची, आत वळलेली, टोकदार पानं डहाळीभोवती एकेकटी, दाटीने बसलेली असतात. झाड मोठं झालं की वरच्या फांद्यांवर हीच पानं खवल्यांसारखी एकमेकांवर चढतात आणि डहाळी विणलेल्या दोरीसारखी दिसू लागते. खरे पाइन उत्तर गोलार्धातले. सुमात्रातली एक जात तेवढी विषुववृत्ताच्या खाली उतरली आहे. अराउकारियाच्या सगळ्या जाती मात्र आज निसर्गतः फक्त दक्षिण गोलार्धात आढळतात, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक न्यू कॅलेडोनिया या एकाच बेटसमूहावर आहेत.

बागांमध्ये ज्या दोन जाती लावल्या जातात, त्या दोन्ही कॅप्टन जेम्स कुक यांच्या दुसऱ्या सफरीत १७७४ साली युरोपीयांच्या नजरेला पडल्या. एक न्यू कॅलेडोनियाची, जिला पुढे ‘कुक पाइन’ हे नाव मिळालं, आणि दुसरी नॉरफोक बेटावरची. नॉरफोक म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रशांत महासागरात असलेलं, पस्तीसेक चौरस किलोमीटरचं बेट. तिथले सरळ बुंधे पाहून जहाजांच्या डोलकाठ्या करण्याचा बेत ठरला, १७८८ मध्ये ब्रिटिशांनी वसाहतही केली. पण लाकूड ठिसूळ निघालं आणि बेत फसला. आपल्या कुंडीच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की दोन्ही बेटांवर हवा सौम्य आणि दमट असते, समुद्राचा वारा सतत वाहतो आणि हे झाड उघड्या उन्हात वाढतं. बर्फाशी त्याचा संबंध नाही. भारतात ‘नॉरफोक’ म्हणून विकली गेलेली बरीचशी झाडं खरं तर कुक पाइनची आहेत, कारण लहानपणी दोन्ही रोपं सारखीच दिसतात. म्हणजे आपल्या अंगणातलं झाड बहुधा अधिक उष्ण बेटावरून आलेलं आहे.

यावर कुणी म्हणेल, मग हे झाड बंगळूरसारख्या गार ठिकाणीच इतकं देखणं का दिसतं? लालबागेतले अराउकारिया डोळ्यांत भरतात हे खरं आहे. पण बंगळूरला बर्फ पडत नाही. तिथे तापमानाची टोकं नाहीत आणि हवा फार कोरडी होत नाही. झाडाला मानवतो तो हा सौम्यपणा. गोव्यात आणि कोकणपट्टीतही ते चांगलं वाढतं, तिथे तर थंडी नावापुरतीच. विदर्भ-मराठवाड्यात त्याला त्रास होतो तो मे महिन्यातल्या कोरड्या, भाजणाऱ्या हवेचा. तिथे लहान रोपाला सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली द्यावी, आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवावं. एसीची हवा थंड असली तरी कोरडी असते, त्यामुळे उन्हाळ्यात ‘थंडीचं झाड’ म्हणून ते एसीत नेणं म्हणजे एका कोरड्या हवेतून काढून दुसऱ्या कोरड्या हवेत ठेवणं.

उजेडाच्या बाबतीतला गैरसमज सगळ्यात महागात पडतो. सदाहरित म्हणजे कुठेही, कशीही हिरवीगार राहणारी वनस्पती, असा अर्थ घेतला जातो. सदाहरित झाडाची पानंही गळतात, फक्त सगळी एकदम गळत नाहीत. अराउकारिया तर सुटी पानं गाळत बसत नाही, आख्खी डहाळीच टाकतो. मोठ्या झाडाखाली सुकलेल्या दोऱ्यांसारख्या डहाळ्या पडलेल्या दिसतात, तो रोग नव्हे. पण हॉलमधल्या रोपाचा सगळ्यात खालचा थर पिवळा होऊन लोंबू लागला तर ती धोक्याची खूण आहे. उजेड कमी पडला की झाड खालच्या फांद्या सोडून देतं, आणि रोपाच्या वयात गेलेला थर त्याच जागी पुन्हा तसाच भरून येईल अशी आशा धरू नये. जास्वंद किंवा मेंदी खरड छाटली तरी महिन्याभरात फुटते, म्हणून हेही फुटेल असं आपल्याला वाटतं. ही सवय इथे कामाची नाही. खिडकीलगत भरपूर उजेडात कुंडी ठेवावी, आठवड्याला थोडी फिरवावी, म्हणजे सगळ्या बाजू सारख्या वाढतात. पाणी वरची माती सुकल्यावरच द्यावं. काळ्या चिकण मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात, तेव्हा लाल माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत असं निचऱ्याचं मिश्रण बरं.

‘शेंडा मारला की झाड डेरेदार होतं’ हा सल्ला गुलाबाला लागू आहे, अराउकारियाला नाही. त्याच्या शरीरात उभी वाढ आणि आडवी वाढ यांची वाटणी फार पक्की असते. उभं वाढण्याचं काम शेंड्याचं, आडवं पसरण्याचं फांदीचं, आणि फांदी सहसा ते काम बदलत नाही. बाजूच्या फांदीचा तुकडा लावून त्याला मुळं फुटली, तरी ते रोप वर्षानुवर्षं जमिनीसरशी आडवंच वाढत राहतं, त्याचं झाड होत नाही. म्हणून रोपं एक तर बियांपासून करतात किंवा शेंड्यापासून. शेंडा कापल्यावर झाड मरत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. खोडावरून नवे उभे कोंब येतात. पण बहुधा दोन-तीन एकदम येतात, झाडाला जुळी-तिळी खोडं होतात आणि ज्या रेखीवपणासाठी ते आणलं तोच जातो. शिवाय उंची थांबत नाहीच.

उंचीचा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो. नर्सरीतलं दोन फुटी रोप ही बुटकी जात नव्हे, ते बाळ आहे. मूळ बेटांवर दोन्ही जाती पन्नास-साठ मीटरपर्यंत जातात. आपल्याकडे इतकी वाढ सहसा दिसत नाही, पण चार-पाच मजल्यांच्या बरोबरीला आलेली झाडं दुर्मीळ नाहीत. ‘आमचं कुंडीत दहा वर्षं तेवढंच आहे’ असं सांगणारे भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. कुंडीत मुळं कोंडली की वाढ मंदावते. तेच झाड ‘आता मोठं झालं’ म्हणून बंगल्याच्या पुढच्या कोपऱ्यात, वर विजेची तार आणि शेजारी भिंत अशा जागी लावलं की ते आपला मूळ स्वभाव दाखवतं. पंधरा वर्षांनी ते नको झालं तरी शहरात मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, गोव्यात १९८४ चा, आणि परवानगी घ्यावी लागते. जमिनीत लावायचं तर भिंतीपासून निदान पंचवीस-तीस फूट मोकळी जागा हवी, डोक्यावर तार नको. एवढी जागा असेल तिथे देशी झाड लावावं, पक्ष्यांना फळं तरी मिळतील, असं कुणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे. मोठ्या आवारात दोन्हींना जागा होते. एकाच झाडाची जागा असेल तर मी देशी झाडाच्या बाजूने मत देईन.

मोठं झालेलं झाड एका बाजूला कललं की मालकाच्या पोटात गोळा येतो. मूळ कमकुवत झालं, आता पडणार, म्हणून दोर आणि बांबू बांधले जातात. कुक पाइनच्या बाबतीत हा कल जातीचा स्वभाव आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतली २५६ झाडं मोजली गेली. ती सरासरी साडेआठ अंशांनी कललेली होती आणि कल विषुववृत्ताकडे होता. म्हणजे ऑस्ट्रेलियात ही झाडं उत्तरेला झुकतात आणि आपल्याकडे दक्षिणेला. बुंध्याशी माती फुगली असेल, भेगा पडल्या असतील किंवा कल अचानक वाढला असेल तर जाणकाराला दाखवावंच. पण वर्षानुवर्षं तेवढंच, तेही दक्षिणेला झुकलेलं झाड बांधून सरळ करू नये.

किनाऱ्यालगतच्या घरांना खाऱ्या वाऱ्याची भीती वाटते. हे झाड खारा वारा सोसतं, सिडनीच्या समुद्रकिनाऱ्यांवर त्याच्या रांगाच आहेत. गेल्या शतकात त्या रांगांतली झाडं सुकू लागली, तेव्हा कारण निघालं सांडपाण्यातली धुण्याची रसायनं. समुद्रात सोडलेल्या सांडपाण्यातून ती लाटांच्या तुषारांत मिसळत होती आणि त्यांच्यामुळे मीठ पानांच्या आत शिरत होतं. म्हणून मालवण किंवा अलिबागच्या अंगणात हे झाड असेल तर कीड घालवण्यासाठी त्यावर कपड्यांच्या वा भांड्यांच्या साबणाचं पाणी फवारण्याआधी थांबावं, आणि पानांवर मिठाचा थर दिसला तर नुसत्या गोड्या पाण्याने धुवावं.