पिशवीतला खडा, नळीतला खडा

पित्ताच्या पिशवीत खडे आहेत असं सोनोग्राफीत कळलं, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टरसाहेब, ऑपरेशन कधी?" त्याच्याही आधी विचारावा असा एक प्रश्न आहे आणि तो फार थोडे विचारतात : एखादा खडा निसटून पित्ताच्या नळीत तर गेला नाही ना? याचं पहिलं उत्तर रक्ताच्या साध्या तपासणीत असतं.

खान्देशात हे दुखणं बरेच दिवस अंगावर काढलं जातं. हिवाळ्यात मळ्यात भरीत-पुरीच्या पंगती, एरवी तर्रीवाली शेवभाजी. तेलकट पोटात गेलं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि त्याच्या तोंडाशी खडा असेल तर उजव्या बरगडीखाली कळ उठते, पाठीत, खांद्यात जाते. 'पोटमा दुखस' म्हणत माणूस अॅसिडिटीची गोळी घेतो, पहाटे बरं वाटतं आणि विषय तिथेच मिटतो.

खडा पिशवीत स्वस्थ पडून असेल तर रक्तात सहसा काहीच दिसत नाही. तो घरंगळत मुख्य पित्तनलिकेत येऊन अडकला, की यकृतातून येणारं पित्त तुंबतं. खड्यांच्या त्रासासाठी ऑपरेशनला येणाऱ्या शंभरांपैकी साधारण दहा ते वीस जणांच्या नळीतही खडा असतो. सोनोग्राफी पिशवीतला खडा छान दाखवते, पण नळीचं खालचं टोक आतड्यातल्या वायूआड जातं. कॉक्रेन या संस्थेने 2015 साली घेतलेल्या आढाव्यात, नळीत खडा असलेल्या शंभरांपैकी 73 जण सोनोग्राफीने हेरले. रक्ततपासणीतल्या बिलिरुबिनने, म्हणजे पित्तातल्या पिवळ्या रंगद्रव्याने 84, तर अल्कलाईन फॉस्फटेज या एन्झाइमने 92. आढावा मोजक्याच अभ्यासांचा होता आणि फॉस्फटेजने नळी मोकळी असलेल्या शंभरांतल्या 21 जणांनाही उगाच संशयित ठरवलं. गरोदरपणात, वाढत्या वयाच्या मुलांत फॉस्फटेज एरवीही जास्त असतं. म्हणून एकाच आकड्यावर निकाल देता येत नाही; एलएफटीचा, म्हणजे यकृताच्या रक्तचाचण्यांचा, सगळा कागद एकत्र वाचावा लागतो.

त्यातही वेळ पाहावी लागते. खडा अडकला की पहिल्या काही तासांत एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृतातली एन्झाइमं उसळतात, कधी कधी कित्येक शेकड्यांत. फॉस्फटेज, जीजीटी आणि बिलिरुबिन मागाहून चढतात. खडा आपोआप आतड्यात उतरला तर दोन-चार दिवसांत आकडे खाली येऊ लागतात. नेमकी इथेच गफलत होते. वाढलेलं एसजीपीटी आणि पिवळे डोळे पाहून घरचे 'कावीळ झाली' म्हणतात, गळ्यात काविळीची माळ येते, झाडपाला सुरू होतो. तुंबलेल्या नळीत जंतुसंसर्ग झाला तर थंडी वाजून ताप भरतो, आणि तेव्हा वाया गेलेला एकेक दिवस जिवावर बेतू शकतो. पोटातली कळ, हुडहुडी आणि कावीळ एकत्र आली तर माळ नको, थेट दवाखाना गाठा.

सातपुड्याच्या पायथ्याला हे कोडं आणखी अवघड होतं. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यातल्या पावरा आणि भिल्ल समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी सतत फुटतात, त्यातून बिलिरुबिन तयार होतं आणि कोवळ्या वयातही पित्ताशयात काळे खडे धरतात. अशा मुलाचं एकूण बिलिरुबिन नळी मोकळी असतानाही वाढलेलंच असतं. इथे उपयोगी पडतो तो 1916 साली डच वैद्यक फान डेन बर्ग यांनी दाखवलेला भेद : यकृतातून प्रक्रिया होऊन आलेलं 'डायरेक्ट' बिलिरुबिन वेगळं आणि पेशी फुटून आलेलं 'इनडायरेक्ट' वेगळं. नळी तुंबली तर डायरेक्ट वाढतं. सिकलसेलच्या रुग्णाने आपले जुने रिपोर्ट जपून ठेवलेच पाहिजेत. त्याच्यासाठी छापील नॉर्मलपेक्षा त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा मोलाचा.

रक्ताच्या नमुन्याचीही काळजी हवी. बिलिरुबिन उजेडात विघटित होतं. तालुक्याच्या गावी घेतलेलं रक्त जळगाव किंवा धुळ्याच्या लॅबला जाणार असेल, तर वैशाखाच्या उन्हात उघड्या ट्रेमध्ये राहिलेल्या रक्ताच्या नळीतून आकडा खोटाच कमी येईल. नळी काळ्या कागदात गुंडाळून, थंड डब्यातून गेली पाहिजे. रक्त ओढताना पेशी फुटल्या तर एसजीओटी फसवं वाढतं.

पूर्वी पोट उघडून ऑपरेशन व्हायचं तेव्हा सर्जन बोटांनी नळी चाचपू शकत. 1990 साली डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि देशात ही पद्धत रुजली. त्यात बोटांचा तो स्पर्श गेला, म्हणून आधीच्या तपासणीचं महत्त्व वाढलं. बिलिरुबिन 4 च्या वर आणि सोनोग्राफीत नळी फुगलेली, किंवा खडाच दिसलेला, किंवा नळीत संसर्ग, तर ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, खडा काढतात. आकडे थोडेच बिघडलेले असतील तर आधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनळीचा एमआरआय, किंवा एंडोसोनोग्राफी, म्हणजे दुर्बिणीतून केलेली सोनोग्राफी. ही मधली पायरी खर्च वाचवायला गाळू नये असं माझं ठाम मत आहे, कारण ईआरसीपीनेच कधी कधी स्वादुपिंडाला सूज येते. सगळे आकडे नॉर्मल आणि नळी बारीक असेल, तर सहसा सरळ ऑपरेशन करता येतं.

पित्ताशय काढल्यावरही नळीत राहून गेलेला खडा काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनी डोकं वर काढतो. 'पिशवीच काढली, आता कसला खडा' असं समजून लोक पुन्हा पोटदुखीची गोळी घेत राहतात. लघवी गडद, शौचाचा रंग फिका, अंगाला खाज, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना जुन्या ऑपरेशनची आठवण करून द्या आणि एलएफटी पुन्हा करून घ्या.