लेकीचं लायसन्स आणि गाडीची पॉलिसी

"मुलीला अठरावं लागलं, आता गाडी द्यायला हरकत नाही," असं म्हणणारे पालक मला अधूनमधून भेटतात. अठरावं लागलं म्हणजे सतरा पूर्ण झाली. मोटार वाहन कायद्याला अठरा पूर्ण लागतात. सोळा पूर्ण झालेल्यांना फक्त 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी चालवता येते, चारचाकी नाही. बोलण्यातल्या या एका वर्षाच्या फरकाने विम्याचा सगळा हिशोब उलटापालटा होतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

आमच्या धाकटीला गेल्या वर्षी खरोखर अठरा पूर्ण झाली. तिचं पक्कं लायसन्स आलं त्या आठवड्यात न्यू जर्सीच्या मावसबहिणीचा फोन होता. तिचा मुलगा सतराचा. त्याचं नाव आईबापांच्या पॉलिसीत घालताच हप्ता कुठल्या कुठे गेला, आणि आता शाळेतले गुण चांगले असल्याचं दाखवून थोडी सवलत मिळते का, ते ती बघत होती. तिकडे हप्ता ठरवताना चालवणारा कोण आहे हे बघतात. घरात नवशिका आला की कंपनीला कळवायचं आणि त्याच्या वयाचे पैसे भरायचे. फोन ठेवल्यावर मी घाबरून आमची पॉलिसी काढली. धाकटीचं नाव कुठे घालायचं, ते शोधत बसलो. तशी जागाच सापडली नाही.

आपल्याकडे विमा गाडीचा असतो. मालकाचं वय काही कंपन्या विचारतात, पण घरातलं आणखी कोण गाडी चालवतं याची यादी सहसा मागत नाहीत. पॉलिसीत ड्रायव्हर्स क्लॉज नावाचा एक परिच्छेद असतो. त्याचा अर्थ एवढाच: मालक धरून कोणीही चालवू शकतो, मात्र अपघाताच्या वेळी त्याच्याकडे वैध लायसन्स हवं आणि तो लायसन्ससाठी अपात्र ठरलेला नसावा. कच्चं लायसन्सही चालतं, पण नियमातल्या अटी पाळल्या तरच: पुढेमागे पांढऱ्यावर लाल एल, आणि शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्स असलेला, वेळ पडली तर गाडी थांबवू शकेल असा माणूस. कच्च्यावर एकट्याने दूध आणायला गेलेला मुलगा या परिच्छेदात बसत नाही.

इथे आणखी एक खड्डा आहे. "लायसन्स आहे की!" म्हणून मुलगा कार्ड दाखवतो. कार्ड उजेडात धरून नीट वाचा. त्यावर फक्त एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गिअरची मोटारसायकल, एवढंच असेल तर मोटारीसाठी ते लायसन्स नव्हे. एलएमव्ही ही अक्षरं हवीत. कॉलेजात जाणाऱ्या कित्येक मुलांकडे फक्त दुचाकीचंच लायसन्स असतं आणि घरात ते कोणी तपासलेलं नसतं.

आता पैशांकडे. हप्त्याचे दोन मोठे भाग. पहिला थर्ड पार्टी: आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. हा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं, म्हणून त्यात घासाघीस नाही. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारीला 1000 सीसीपर्यंत वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्यापुढे 7,897 रुपये, वर जीएसटी. या रकमेत दुसऱ्याच्या मृत्यू वा दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नसते. त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची असते. मुलाला हात बसवायला छोट्या इंजिनाची गाडी बरी, याचं एक साधं कारण या दरांतच आहे.

दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला एजंट ओडी म्हणतात. हा दर कंपनीगणिक बदलतो, तेव्हा चार ठिकाणी विचारावं ते याच्यासाठी. आणि याच भागावर एनसीबी मिळतो, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत. एक वर्ष क्लेम नसला की 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षं निभावली की 50 टक्के. घरात नवा चालक आल्यावर हप्ता स्वस्त ठेवायचा म्हणजे मुख्यतः हा एनसीबी जपायचा.

हौसेने गाडी मुलाच्या नावावर घेणारे इथेच पैसे घालवतात. एनसीबी गाडीला चिकटलेला नसतो, तो मालकाचा असतो. समजा 1200 सीसीच्या गाडीचा ओडी 6,000 रुपये आहे. वडिलांकडे 50 टक्के एनसीबी असेल तर ओडी 3,000, थर्ड पार्टी 3,416, त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून सुमारे 7,571 रुपये. तीच गाडी मुलाच्या नावावर घेतली तर एनसीबी शून्य आणि बिल 11,111 रुपये. वाढलेल्या साडेतीन हजारांत कोणतंही नवं संरक्षण मिळत नाही. वडिलांनी जुनी गाडी विकली असेल तर कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेऊन ठेवावं. ते तीन वर्षं चालतं आणि त्यांच्या नव्या गाडीला लागू होतं. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले तर मात्र सवलत कायमची गेली.

नवशिक्याच्या हातून गाडी घासणार, हे धरूनच चला. आमची पहिल्याच महिन्यात सोसायटीच्या फाटकाला लागली. मागचा बंपर फाटला. पोरगी रडवेली होऊन उभी, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार क्लेमचा. गॅरेजवाल्याने बिल सांगितलं 6,000 रुपये: बंपर 3,000, रंगकाम 2,400, मजुरी 600. मी कागद घेऊन बसलो. प्लास्टिकच्या भागावर कंपनी निम्मी घसारा-कपात करते, म्हणजे 1,500 गेले. रंगाच्या बिलाचा पाव भाग सामानाचा धरतात आणि त्यावर निम्मी कपात, म्हणजे 300 गेले. उरले 4,200. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीने सोसायचे 1,000 वजा. हाती येणार 3,200.

आता दुसरी बाजू. क्लेम केला की 50 टक्क्यांचा एनसीबी शून्यावर येतो आणि पुन्हा एकेक पायरी चढावी लागते. वरच्याच 6,000 च्या ओडीवर पहिल्या वर्षी 3,000 जास्त जातात, मग 1,800, 1,500, 900, 300. एकूण 7,500, जीएसटी धरून 8,850. गाडी जुनी होते तसा मूळ ओडी उतरतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा काहीसा कमी भरेल. तरीही 3,200 मिळवण्यासाठी त्याच्या दुपटीहून जास्त घालवणं झालं. मी 6,000 रुपये रोख दिले आणि तो कागद धाकटीलाही दाखवला. माझा अनुभव असा, की एनसीबी पन्नासवर असेल तर आठ-दहा हजारांपर्यंतचं डेंटिंग-पेंटिंग खिशातून करावं आणि विमा मोठ्या नुकसानीसाठी राखावा.

गाडी नवी असेल तर झिरो डेप जरूर घ्या. त्यात ती घसारा-कपात होत नाही, आणि शिकाऊ हातात बंपर, आरसे, दिवे हे प्लास्टिकचेच भाग आधी जातात. बहुतेक कंपन्या साधारण पाच वर्षांपर्यंतच्या गाडीलाच हे देतात आणि वर्षाला किती क्लेम चालतील तेही ठरवून देतात. एनसीबी राखणारं जोडकव्हरही मिळतं. पहिली दोन वर्षं मी ते घेईन. हप्ता उतरवण्यासाठी जास्तीची रक्कम आपणहून सोसायची सवलत एजंट सुचवतो. नवशिका घरात असताना ती घेऊ नये. वाचलेले काही शे रुपये पहिल्याच धडकेत परत जातात. मुलं सुट्टीपुरतीच घरी येत असतील आणि गाडी एरवी उभीच असेल तर किलोमीटरवर चालणारी योजना बघावी. जुलै 2022 पासून विमा नियामकाने तिला वाट करून दिली आहे. आणि गाडी बारा-पंधरा वर्षांची असेल, बाजारात लाखभरसुद्धा येणार नसेल, तर निव्वळ थर्ड पार्टीवर ठेवून तिच्यावरच मुलांना शिकवणं हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो.

अठरा पूर्ण नसताना मात्र यातलं काहीच कामाला येत नाही. गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो. ज्याला धडक बसली त्याला भरपाई मिळावी म्हणून न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मर्यादा नसलेली ती रक्कम मग आईबापांच्या दारात येते. शिवाय 2019 च्या दुरुस्तीतलं कलम 199 अ आहे: पालकाला वा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते गेले आणि सतरा वर्षांच्या मुलावर गाडी चालवल्याचा आरोप झाला, तेव्हा हे कलम घराघरांत वाचलं गेलं. ते विसरलं जाऊ नये, असं मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला एका एजंटने सुचवली होती. "साहेब, फॉर्मवर गाडी तुम्हीच चालवत होतात असं लिहा." मुलाकडे एलएमव्ही लायसन्स असेल तर खोटं लिहायची गरजच नाही, आणि नसेल तर ते खोटं उघडं पडल्यावर सगळा क्लेम बुडतो. चालवणाऱ्याचं नाव खरं ते लिहावं.

ज्यामुळे माझी खरी झोप उडाली, ते सगळ्यात शेवटी कळलं. पॉलिसीसोबत मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा असतो. त्यातला मालक-चालक म्हणजे आरसी बुकावर ज्याचं नाव आहे तो. गाडी माझ्या नावावर, स्टेअरिंगवर धाकटी, तर तिला त्यातला एक रुपया नाही. मला वाटलं, मग थर्ड पार्टीतून मिळेल. तेही नाही. मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्या जागी उभा असतो, तो तिसरा पक्ष होत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2020 च्या निकालांत घेतली आहे. चूक दुसऱ्या वाहनाची असेल तर त्याच्या विम्याकडे दाद मागता येते. पण आपल्याच मुलीची गाडी झाडावर आदळली तर गाडीला पैसे मिळतील आणि तिला नाही.

ही फट बुजवायला फार खर्च येत नाही. मालकाखेरीज इतरांचा नावानिशी अपघात विमा त्याच पॉलिसीत जोडता येतो. चालवतानाही तो लागू होईल का, हे लेखी विचारून घ्यावं. किंवा मुलाच्या नावाची वेगळी अपघात पॉलिसी घ्यावी. सरल सुरक्षा बीमा नावाची ठरावीक अटींची पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून विमा कंपन्या देतात, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. आणि बँकेत खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्याच्या दिवसापासून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेता येते: वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. लायसन्सच्या फोटोसाठी गेलो त्याच दिवशी धाकटीने बँकेत आपला फॉर्म भरला. या योजनेचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, म्हणून मे संपत आला की तिच्या खात्यात निदान वीस रुपये शिल्लक आहेत ना, ते मी बघतो.